बिनपगारी, फुल अधिकारी: मारिया गेपर्ट-मायर यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान दिनाच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या शाळेत किंवा कॉलेजात मारिया गेपर्ट-मायर यांच्यावर बोलायला मी जाते. बोलून झालं की पुढच्या बाकांवरून हात वर होतात आणि मागच्या बाकांवरून चिठ्ठ्या येतात. गाव बदललं तरी प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम मुलांनी विचारला तसाच आहे, म्हणजे फारसा धड नाही. काही उत्तरं चार ओळींत संपली, काही लांबली. जिथे लांबली तिथे माझा जीव जास्त गुंतलेला आहे असं समजा.

या बाई नक्की कोण?

सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. जन्म २८ जून १९०६, मृत्यू २० फेब्रुवारी १९७२. अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांवर कसेही आदळणारी गर्दी नसून ठरावीक कवचांमध्ये बसतात, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं. त्यासाठी १९६३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मेरी क्यूरींना हे नोबेल मिळालं होतं १९०३ मध्ये. त्यानंतर ते मिळवणाऱ्या या दुसऱ्याच स्त्री.

एवढं सांगितलं की मुलं वहीत लिहून घेतात आणि खरी गंमत तिथेच निसटते. हे काम ज्या वर्षांत झालं त्या वर्षांत त्यांना विद्यापीठाकडून पगारच नव्हता.

आडनाव गोपर्ट, गेपर्ट की ग्योपर्ट?

मूळ जर्मन स्वर आपल्याकडे नाही. ओठ ‘गो’ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि तोंडातल्या तोंडात ‘गे’ म्हणायचं. मी ‘गेपर्ट’ लिहिते. ‘गोपर्ट’ही मराठीत दिसतं, त्यावरून भांडण नको. गेपर्ट हे माहेरचं आणि मायर हे सासरचं. त्यांनी दोन्ही ठेवली.

जन्म पोलंडचा की जर्मनीचा? दोन पुस्तकांत दोन देश दिलेत.

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. गाव कॅटोविट्झ. १९०६ मध्ये ते जर्मन साम्राज्यात होतं, आज ते पोलंडमध्ये असून त्याचं नाव कातोविचे आहे. पण मारिया तिथे फार राहिल्याच नाहीत. वडील फ्रीड्रिश गेपर्ट बालरोगतज्ज्ञ होते. १९१० मध्ये त्यांना गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली आणि चार वर्षांची मारिया गटिंगेनची झाली.

त्या काळचं गटिंगेन म्हणजे गणित आणि भौतिकशास्त्राचं पंढरपूर. गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट घराशेजारी राहायचे, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न आणि जेम्स फ्रांक यांच्याशी घरोबा होता. आपल्याकडे गवयाच्या घरातलं पोर तानपुऱ्याच्या सुरात वाढतं, तसं हे.

वडिलांचं ते प्रसिद्ध वाक्य खरं आहे का?

वडिलांच्या घराण्यात सहा पिढ्या प्राध्यापक झाले होते. मोठी होऊन नुसती घर सांभाळणारी बाई होऊ नकोस, असं ते आपल्या एकुलत्या एका लेकीला सांगत, हे मारिया यांनी स्वतःच नोंदवलं आहे. आज ते वाक्य ऐकून गृहिणींना राग येईल आणि तो रास्तही आहे. पण १९१०-१५ च्या जर्मनीत मुलीला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसवणाऱ्या शाळा शोधाव्या लागत. गटिंगेनमध्ये अशी एक खाजगी शाळा होती, ती महागाईच्या तडाख्यात बंद पडली. मारिया थांबल्या नाहीत. बरोबरीच्यांपेक्षा वर्षभर आधीच हॅनोवरला जाऊन परीक्षा दिली, पास झाल्या आणि १९२४ मध्ये विद्यापीठात दाखल झाल्या.

विषय घेतला गणित. पण पुंजभौतिकी (क्वांटम, म्हणजे अणूच्या आतल्या जगाचं भौतिकशास्त्र) तेव्हा नुसती जन्माला येत होती, आणि तेही त्याच गल्लीत. मॅक्स बॉर्न यांच्या वर्गात जाऊन बसल्या आणि परत गणिताकडे वळल्या नाहीत.

पीएचडीचा विषय काय होता?

एखाद्या अणूने प्रकाशाचे दोन कण एकाच वेळी गिळले तर? एका कणाची ऊर्जा अणूला वरच्या पायरीवर नेण्यास अपुरी आहे, पण दोन कण एकाच क्षणी आले तर ती पुरते. असं घडू शकतं हे त्यांनी १९३० मध्ये गणिताने दाखवलं. परीक्षकांच्या टेबलावर बॉर्न, फ्रांक आणि रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ विंडाउस होते. तिघांपैकी दोघांना नोबेल मिळून गेलं होतं, बॉर्नना ते पुढे १९५४ मध्ये मिळालं. तोंडी परीक्षेला याहून कडक टेबल मिळणं अवघड.

त्या प्रबंधाची पडताळणी व्हायला तीस वर्षं गेली. दोन प्रकाशकण एकाच क्षणी एकाच अणूवर पडायचे तर प्रकाश भयंकर दाट हवा, आणि तसा प्रकाश लेझर आल्याशिवाय मिळत नव्हता. लेझर आला १९६० मध्ये. १९६१ मध्ये प्रयोग झाला आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. आज याच तत्त्वावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने जिवंत मेंदूतल्या पेशी पाहतात. दोन प्रकाशकण शोषले जाण्याचं मोजमाप ज्या एककात करतात, त्या एककाला त्यांचंच नाव आहे.

मग नोकरी कुठे लागली?

इथे मी जरा लांबण लावणार आहे.

वडील १९२७ मध्ये गेले. आईने घरात भाडेकरू विद्यार्थी ठेवायला सुरुवात केली. त्यांतला एक जोसेफ ऊर्फ ‘जो’ मायर, अमेरिकेहून आलेला तरुण रसायनशास्त्रज्ञ. जानेवारी १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. प्रबंध संपवून मारिया नवऱ्याबरोबर अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जो यांना नोकरी मिळाली होती.

एकाच कुटुंबातल्या दोघांना नोकरी द्यायची नाही, असा नियम तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत होता. हेतू वशिलेबाजी रोखण्याचा. प्रत्यक्षात त्याने प्राध्यापकांच्या शिकलेल्या बायका रोखल्या. मंदीचे दिवस, त्यात प्राध्यापकाची बायको. मारिया यांना मिळालं एक सहायकाचं काम: जर्मन पत्रव्यवहारात मदत करायची, त्याबदल्यात नाममात्र पैसे, बसायला जागा आणि प्रयोगशाळेत वावरायची मुभा. त्यांनी त्या जागेवर बसून संशोधन केलं, शिकवलं, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं. १९३५ मध्ये ‘दुहेरी बीटा ऱ्हास’ (एकाच केंद्रकातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होणं) या अतिदुर्मिळ घटनेवरचा पहिला शोधनिबंध लिहिला. विषय सुचवला होता भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी. हे नाव लक्षात ठेवा, नोबेलच्या वेळी परत येणार आहे.

१९३७ मध्ये जो यांची नोकरी गेली. मारिया प्रयोगशाळेत वावरतात हे डीनसाहेबांना खुपत होतं, म्हणून आपल्याला काढलं, असा जो यांचा समज होता. म्हणजे बायको फुकट काम करते, तेही डोळ्यांवर येत होतं.

मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. जो यांना पगार, मारिया यांना खोली. फक्त खोली. मराठीत याला ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ असा नेमका शब्द आहे आणि तो आपण चेष्टेत वापरतो. १९४० मध्ये नवरा-बायकोने मिळून सांख्यिकीय यामिकीवर (असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याच्या गणितावर) एक पाठ्यपुस्तक काढलं, ते पुढे कित्येक वर्षं विद्यार्थी वापरत राहिले.

पहिली खरी पगाराची शिकवण्याची नोकरी डिसेंबर १९४१ मध्ये लागली, सारा लॉरेन्स कॉलेजात, तीही अर्धवेळ. तोवर पीएचडीला अकरा वर्षं होऊन गेली होती.

१९४६ मध्ये दोघं शिकागोला गेले. शिकागोत मारिया यांना पद मिळालं असोसिएट प्रोफेसरचं, पण ‘ऐच्छिक’. म्हणजे काय ते कळलंच असेल. मात्र जवळच नव्याने सुरू झालेल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अर्धवेळ पगारी काम मिळालं. ते देऊ करणारे रॉबर्ट सॅक्स हे बाल्टिमोरचे त्यांचेच विद्यार्थी. मला केंद्रकभौतिकी येत नाही, असं बाई म्हणाल्या. शिकाल की, असं सॅक्स म्हणाले. विद्यार्थ्याने बाईंना नोकरी दिली, आणि जो विषय येत नाही म्हणाल्या त्यातच नोबेल आलं.

विद्यापीठाची पूर्ण प्राध्यापकी, पूर्ण पगारासह, मिळाली ती १९६० मध्ये, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला. प्रबंधाला तीस वर्षं झाली होती.

एवढं फुकट राबून त्या चिडल्या कशा नाहीत?

मुली हे रागाने विचारतात, मुलं आश्चर्याने. पदासाठी भांडण्यापेक्षा त्यांनी काम करायला मिळणं पत्करलं. शिकागोत तर, आपल्याला इथे कोणी उपरं समजत नाही याचाच त्यांना आनंद होता. खोलीबाहेर पडलं की व्हरांड्यात एन्रिको फेर्मी, एडवर्ड टेलर, हॅरॉल्ड युरी, जेम्स फ्रांक असे नावाजलेले शास्त्रज्ञ. पण माझं स्वतःचं मत सांगते: व्याख्यानांतून याची फार ‘निष्काम कर्मयोग’ छापाची आरती होते, ती मला पटत नाही. त्या टिकल्या कारण घरात दुसरा पगार होता, हाताखाली नोकर होते, आणि नवरा पाठीशी होता. या तिन्हींपैकी एकही नसलेल्या किती जणी बाहेर पडल्या, त्यांची नावं कोणाच्याच चिठ्ठीत येत नाहीत.

नवऱ्याची मदत होती की अडचण?

मदत. मुलं झाल्यावरही (मुलगी १९३३, मुलगा १९३८) घरकामाला माणूस ठेवू पण तू भौतिकशास्त्र सोडू नकोस, हा धोशा जो यांचाच होता.

अणुबॉम्बमध्ये त्यांचा हात होता का?

होता, पण बॉम्बला त्याचा प्रत्यक्ष फायदा झाला नाही. १९४२ पासून त्या कोलंबियात हॅरॉल्ड युरी यांच्या गुप्त प्रकल्पात होत्या. नैसर्गिक युरेनियममध्ये स्फोटाच्या कामाचा युरेनियम-२३५ शेकड्यात एकसुद्धा नसतो, तो वेगळा काढायचा होता. प्रकाशाच्या साहाय्याने तो निवडता येईल का, हे मारिया तपासत होत्या. ती वाट त्या काळी जमली नाही, दुसऱ्या पद्धती जिंकल्या. आपल्या हातून काही निघालं नाही हे बरंच झालं, बॉम्ब बनवणाऱ्यांना जी टोचणी लागली तिच्यातून सुटलो, अशा अर्थाचं त्या नंतर बोलल्या. १९४५ मध्ये काही महिने लॉस अलामोसला, जिथे बॉम्ब तयार होत होता तिथे, टेलर यांच्या गटाबरोबरही होत्या.

या काळात घरची मंडळी मागे जर्मनीत, आणि काम जर्मनीविरुद्धच्या शस्त्राचं. शिवाय नवऱ्यालाही सांगायचं नाही. बॉर्न आणि फ्रांक यांना नाझींमुळे १९३३ मध्येच गटिंगेन सोडावं लागलं होतं, म्हणून कोणाच्या बाजूने उभं राहायचं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

‘जादुई संख्या’ ही काय भानगड आहे?

२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. एवढे प्रोटॉन किंवा एवढे न्यूट्रॉन असलेली केंद्रकं विलक्षण टिकाऊ असतात. ‘जादुई’ हा शब्द विग्नर यांचा, आणि त्यात थोडा टोमणा होता. असल्या आकड्यांच्या खेळावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

जादू पाहायची तर स्वयंपाकघरात जाऊ. पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा तो घशात जाणारा पांढरा धूर, आणि पितळेच्या पातेल्यात फिरणारं चकचकीत कथील. कथलाच्या अणूत ५० प्रोटॉन असतात. आता समस्थानिक मोजा, म्हणजे प्रोटॉन तितकेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेले भाऊबंद. कथलाचे स्थिर समस्थानिक आहेत दहा. इतके दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याला नाहीत. आवर्तसारणीतल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं तर ४९ वालं इंडियम आणि ५१ वालं अँटिमनी, दोघांचीही मजल दोनाच्या वर जात नाही. ५० मध्ये काहीतरी आहे.

शिसं घ्या. प्रोटॉन ८२. युरेनियम आणि थोरियम ही जड मंडळी किरणोत्सर्ग करत करत पायऱ्या उतरतात, त्या कुठे थांबतात? शिशावर. शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, म्हणजे दुहेरी जादू. न्यूट्रॉनांचंही तसंच: बरोबर ८२ न्यूट्रॉन असलेली सात केंद्रकं निसर्गात सापडतात. ऑक्सिजन-१६ (आठ-आठ) आणि चुन्यातला कॅल्शियम-४० (वीस-वीस) हेही दुहेरी जादूचे.

मारिया या आकड्यांकडे वळल्या त्या आडवाटेने. टेलर यांच्याबरोबर मूलद्रव्यांच्या उत्पत्तीवर काम चाललं होतं. विश्वात कुठलं मूलद्रव्य किती आहे याचे तक्ते पाहताना काही ठिकाणी उंचवटे दिसू लागले. वॉल्टर एल्सासर यांनी १९३० च्या दशकातच हे आकडे दाखवले होते, पण तेव्हा केंद्रक हा पाण्याच्या थेंबासारखा एकजीव गोळा आहे हे नील्स बोर यांचं चित्र जोरात होतं. थेंबात कवचं कुठली? १९४८ मध्ये मारिया यांनी पुराव्यांचा ढीगच रचला. पण पुरावा म्हणजे कारण नव्हे.

मग कारण कसं सापडलं?

पंगतीचं उदाहरण घेऊ. अणूतले इलेक्ट्रॉन पंगतीने बसतात, एक पंगत भरली की पुढची सुरू. पंगत पूर्ण भरलेले अणू म्हणजे राजवायू, कोणाशी न बोलणारे. केंद्रकातही पंगती असाव्यात असा अंदाज होता. साधं गणित केलं तर पंगती २, ८, २० ला भरतात. इथवर ठीक. पुढे मात्र गणित सांगतं ४०, ७०, ११२ आणि निसर्ग म्हणतो २८, ५०, ८२, १२६. सगळे इथेच अडले होते.

एके दिवशी शिकागोत मारिया यांच्या खोलीत फेर्मी बसले होते. चर्चा हीच. फेर्मींना फोन आला म्हणून ते उठले आणि दारातून वळून सहज विचारलं, की फिरकी (कणाची स्वतःभोवतीची गिरकी, म्हणजे स्पिन) आणि कक्षा यांच्यात काही नातं असल्याची खूण दिसते का? फोन दहा मिनिटांच्या आत संपला. फेर्मी परत आले तोवर कोडं सुटलं होतं आणि बाई भडाभडा बोलत होत्या. उद्या जरा शांत झालात की सांगा, असं फेर्मी हसून म्हणाले. हे जो मायर यांनी नंतर सांगितलं.

दहा मिनिटांत काय झालं ते गर्दीच्या गरब्यात पाहा. माणसं रिंगणात फिरतात आणि स्वतःभोवती गिरकीही घेतात. गिरकी रिंगणाच्या दिशेने घेतली तर सोपं जातं, उलटी घेतली तर दमछाक. प्रत्येक प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं तसंच. सुलटी गिरकी असेल तर ऊर्जा कमी लागते, उलटी असेल तर जास्त. (त्या स्वतः वॉल्ट्झ नाचणाऱ्या जोड्यांचं उदाहरण देत. गरबा माझा.) अणूतल्या इलेक्ट्रॉनांत हा फरक अगदी बारीक असतो. केंद्रकात तो इतका मोठा आहे की पंगतच मोडते.

आता वही काढा. वीसनंतर येते १४ पानांची पंगत. गिरकीमुळे तिचे दोन तुकडे पडतात: ८ सुलटे खाली, ६ उलटे वर. २० अधिक ८, २८. पुढे १८ पानांची पंगत येते, तिचे १० आणि ८ असे तुकडे. दहा जण खाली सरकून चाळीसवाल्यांत बसतात: ५०. त्यापुढे २२ पानांची, तिचे १२ खाली: ७० अधिक १२, ८२. आणि शेवटी २६ पानांची, १४ खाली: ११२ अधिक १४, १२६.

फळ्यावर हे चार बेरजांचं गणित मांडते तेव्हा वर्ग शांत होतो. पंधरा वर्षं जगातल्या हुशार माणसांना छळणारं कोडं, आणि त्यातल्या बेरजा प्राथमिक शाळेतल्या. अर्थात १४ आणि १८ कुठून आले आणि ते ८-६, १०-८ असेच का फुटतात, हे दारातल्या एका वाक्यासरशी दिसायला पुंजभौतिकी हाडीमाशी खिळलेली लागते. ती त्यांनी बॉर्नकडे कमावली होती. केंद्रकभौतिकी येत नव्हती हे खरं, पण तिच्या खालचा पाया पक्का होता.

म्हणजे कल्पना फेर्मींचीच ना?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि जवळजवळ नेहमी मुलगाच विचारतो. १९४९ च्या शोधनिबंधात मारिया यांनी फेर्मींचे आभार मानताना तो दारातला प्रश्नच छापला आणि या लेखाचं मूळ त्यात आहे असं लिहिलं. याहून स्वच्छ कबुली कुठे मिळेल? पण प्रश्न फेर्मींना पडला होता, उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. कित्येक महिने आकड्यांचे ढीग उपसलेल्या माणसाला त्या प्रश्नाचं उत्तर एका क्षणात दिसलं. कुलपाला किल्ली कुठली लागेल हे विचारणं वेगळं आणि ती लावून दार उघडणं वेगळं.

जर्मन शास्त्रज्ञांचा लेख आधी छापून आला होता, हे खरं का?

खरं. हान्स येन्सन, ओट्टो हाक्सेल आणि हान्स झ्यूस यांनी जर्मनीत स्वतंत्रपणे हेच उत्तर काढलं. १९४९ च्या जूनमध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या एका अंकात त्यांचा लेख आला आणि त्यानंतरच्या अंकात मारिया यांचा. मात्र संपादकांकडे मारिया यांचा लेख फेब्रुवारीत पोचला होता, जर्मन मंडळींचा एप्रिलमध्ये.

अशा वेळी कोर्टकचेऱ्या होतात. इथे उलट मैत्री झाली. मारिया आणि येन्सन यांनी मिळून १९५५ मध्ये कवच प्रारूपावर पुस्तक लिहिलं. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तेच काढलं याचा अर्थ आपलं बरोबर आहे, असा दिलासा दोघांना वाटला. कांद्याच्या पाकळ्यांसारखी कवचं म्हणून भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांनी मारिया यांचं नाव ठेवलं ‘कांद्याची मॅडोना’ (मॅडोना म्हणजे येशूची आई मेरी). लासलगावकरांनी नोंद घ्यावी.

नोबेलचा हिस्सा अर्धा होता की पाव?

पाव. १९६३ चं निम्मं पारितोषिक यूजीन विग्नर यांना (तेच ते, ‘जादुई’ म्हणून टोमणा मारणारे), उरलेलं निम्मं मारिया आणि येन्सन यांच्यात वाटून. सॅन डिएगोतल्या वर्तमानपत्राने मथळा दिला तो ‘सॅन डिएगोच्या आईला नोबेल’ अशा अर्थाचा. येन्सन किंवा विग्नर यांच्या बातमीत कोणाचे बाबा वगैरे उल्लेख मला कुठे दिसलेले नाहीत.

बक्षीस मिळण्यापेक्षा काम करण्यातली मजा दुपटीहून मोठी होती, असं त्या म्हणत.

सॅन डिएगोला गेल्यावर काय झालं?

पहिल्याच काही महिन्यांत पक्षाघाताचा झटका आला. तीस वर्षांनी पूर्ण पगाराची खुर्ची मिळाली आणि तिच्यावर बसेपर्यंत शरीर थकलं. तरी पुढे काही वर्षं त्या शिकवत आणि लिहीत राहिल्या.

आज या प्रारूपाचा उपयोग काय? की इतिहास झाला?

केंद्रकभौतिकीच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ते आजही आहे. फार जड, प्रयोगशाळेत बनवलेल्या मूलद्रव्यांमध्ये ११४ प्रोटॉनांच्या आसपास टिकाऊपणाचं एखादं बेट असावं, या शोधामागे कवचांचंच गणित आहे. न्यूट्रॉन फार जास्त झाले की काही जुन्या जादुई संख्या विरतात आणि नव्या उगवतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. प्रत्येक केंद्रक गोल नसतं, काही रग्बीच्या चेंडूसारखी लांबट असतात, तिथे साधं कवच प्रारूप अपुरं पडतं आणि त्यात भर घालावी लागते.

आपल्याकडे यातलं काही चालतं का?

चालतं, आणि त्यात पुन्हा कथील येतं. १९३५ चा तो दुहेरी बीटा ऱ्हासाचा निबंध आठवा. एकाच केंद्रकातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होतात. यासाठी लागणारा काळ त्यांनी १ वर १७ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त काढला होता. विश्वाचं वय आहे सुमारे १४ अब्ज वर्षं, म्हणजे १ वर जेमतेम १० शून्यं. प्रयोगशाळेत ही घटना थेट पकडायला १९८७ उजाडलं.

या ऱ्हासाचा एक प्रकार असा असू शकतो, की त्यात एरवी बाहेर पडणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण बाहेरच पडत नाहीत. तो सापडला तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण आहे हे कळेल. जगभर त्याचा शोध चालू आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी निवडलं कथील-१२४. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या सर्वांत कमी तापमानाच्या, अगदी जवळ थंड केलेल्या कथलात एक ऱ्हास झाला तरी तापमान किंचित वाढेल आणि ते मोजायचं, अशा शोधकाच्या विकासावर त्यांनी काम केलं आहे. प्रकल्पाचं नावही कथलावरूनच, ‘टिन-टिन’.

कथील-१२४ हा त्या दहा भावंडांपैकी सर्वांत जड. आजीच्या पातेल्याच्या कल्हईतही तो शेकड्यात सहाच्या आसपास होताच.

नोबेल मिळवणाऱ्या तिसऱ्या बाई कधी आल्या?

भौतिकशास्त्रात २०१८ मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनी. कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड, काम लेझरवरचं. त्यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधात मारिया यांच्या दोन प्रकाशकणांच्या कामाचा दाखला दिला होता. त्यानंतर २०२० मध्ये अँड्रिया गेझ आणि २०२३ मध्ये अ‍ॅन लुइलिए.

नोबेल जाहीर झालं त्या दिवशी स्ट्रिकलंड वॉटर्लू विद्यापीठात असोसिएट प्रोफेसर होत्या. पूर्ण प्राध्यापक का नाही, असं पत्रकारांनी विचारलं. आपण अर्जच केला नव्हता, असं त्यांनी सांगितलं.